चौथ्या मजल्याचे कॉलम

मशीनमध्ये तिसरा क्यूब फुटला, तेव्हा चेतना वाव्हळने आकडा लिहिला नाही. पेन तसाच हातात धरून ती डिस्प्लेकडे बघत राहिली.

आकडा वाईट नव्हता, उलट उत्तम होता. एम तीस जातीचं काँक्रीट होतं ते. म्हणजे ओतल्यापासून अठ्ठावीस दिवसांनी त्याने तीसचा दाब सोसावा एवढीच अपेक्षा. हा क्यूब फुटला सेहेचाळीसवर. आधीचा सेहेचाळीसवर, त्याच्याही आधीचा सेहेचाळीसवरच.

मरोळच्या त्या लॅबमध्ये चेतना बारा वर्षं क्यूब फोडत होती. साइटवर काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं सहा इंची साच्यात भरून ठेवतात, ते घट्ट झालं की लॅबला पाठवतात. लॅब ते दाबून फोडते आणि किती भाराला फुटलं ते लिहून देते. त्या कागदाच्या जोरावर वरचे मजले चढतात. एकाच गाडीतल्या मालाचे तीन क्यूब तीन तऱ्हेने फुटतात हे तिला पाठ झालं होतं. एक तेहेतीसला, एक सदतीसला, एखादा रडतखडत एकतीसला. खरं काँक्रीट इतकं शहाण्यासारखं वागत नाही.

तिने एक तुकडा नळाखाली धुतला. आतली खडी बारीक, निवडून घेतल्यासारखी. वाळू तपकिरी, नदीची. मग तिने नमुन्याबरोबर आलेला कागद पुन्हा वाचला. घाटकोपर पूर्व, पुनर्वसन इमारत, चौथा मजला, कॉलम.

ती इमारत तिची होती. म्हणजे होणार होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांची वस्ती पाडून एकशे चौदा कुटुंबांना नाल्यापलीकडच्या ट्रान्झिट कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांत हलवलं होतं, तीन वर्षांत पक्कं घर देतो असं सांगून. रोज मेट्रोला जाताना चेतना त्या साइटच्या गेटवरून जायची. गाड्यांतून सांडून वाळलेलं काँक्रीट तिच्या चपलेखाली यायचं. त्यात दगड दळून केलेली करडी वाळू असायची आणि बोराएवढी खडी. हा क्यूब त्या गाडीतला नव्हता. कुणीतरी तो वेगळा, मन लावून बनवला होता.

तिने आकडा लिहिला, कारण आकडा खरा होता. रिपोर्टवर सही मात्र केली नाही.

सही करण्याचा अधिकार तिला सहज मिळाला नव्हता. तिचे वडील धोंडिराम मंठा तालुक्यातून आले आणि पायाचे खड्डे खणत खणत मुंबईत मुरले. आई सोनूबाई बिगारी. वीस वर्षं डोक्यावर घमेलं. पोरीने सिव्हिलचा डिप्लोमा करायचा म्हटल्यावर धोंडिराम नुसतेच हसले होते, खूप वेळ. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी मुलींना रीडिंग लिहायला बसवलं आणि मशीनचा दांडा मुलांच्या हाती दिला. चेतना उठून रांगेत उभी राहिली. तू कशाला, असं सरांनी विचारलं. माझ्या आईने माझ्यापेक्षा जड उचललंय, एवढंच ती म्हणाली आणि दांडा मारू लागली. त्या दिवशी तिने लोखंडाची सळी ओढून तोडली. सळी लगेच तुटत नाही. लांबते, मधे बारीक होते, गरम होते, माणसाला बाजूला व्हायला वेळ देते. मग क्यूब फोडला. तो काही सांगत नाही. शेवटपर्यंत गप्प राहतो आणि एकदम जातो. इमारतीत लोखंड आणि काँक्रीट एकत्र का घालतात ते तिला पुस्तकाच्या आधी त्या दुपारी कळलं. वडील तिच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी गेले. कॅम्पात आता मायलेकीच होत्या.

लॅबचे मालक शरच्चंद्र पेडणेकर मूळचे सावंतवाडीकडचे, साठीचे, कामाला चोख. चेतनाला मशीनची बारीकसारीक खोड त्यांनीच शिकवली होती. सही राहिलेला रिपोर्ट घेऊन ते तिच्या टेबलाशी आले. तिने वाळू दाखवली, खडी दाखवली, तीन आकडे दाखवले. त्यांनी तुकडा हातात फिरवून पाहिला आणि परत ठेवला. आपण साइटचे मालक नाही, असं त्यांचं म्हणणं. जो नमुना येतो त्याचा निकाल आपण देतो आणि तसं खाली छापलेलंही असतं. नमुना कुठून आला ते पाहणं आपलं काम नाही.

"सर, मला दिसलंय," चेतना म्हणाली. "दिसल्यावर सही कशी करू?"

"डोळे मिटून नको करूस. कागदावर काय लिहिलंय ते वाचून कर. एकही शब्द खोटा नाही त्यात."

ते खरंच होतं आणि त्याचीच तिला चीड आली. एकही शब्द खोटा नसलेला कागद आणि त्यावर चढणारे दहा मजले. तिने रिपोर्टखाली एक ओळ घालायचं सुचवलं, नमुना आणि जागेवरचं काँक्रीट जुळत नसल्याचा संशय आहे, कॉलममधून कोअर काढून तपासावेत. पेडणेकरांनी मान हलवली. अशी ओळ घालणाऱ्या लॅबकडे उद्यापासून एक बिल्डर फिरकणार नाही आणि इथे अकरा माणसं कामाला आहेत. तिला विचार करायला त्यांनी रविवारपर्यंतची मुदत दिली.

रविवारी बिल्डर रहिवाशांना काम बघायला आत सोडायचा. सोनूबाई दर रविवारी जायची. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण अजून न बांधलेल्या घराचा दरवाजा कुठे येणार ते तिला इंचानिशी माहीत होतं. त्या रविवारी चेतना तिला जिन्याने थांबत थांबत चौथ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे सर्वेश होता, साइटवरचा इंजिनिअर, चोविसेक वर्षांचा पोरगेला माणूस. त्याने आजींना बसायला विटा रचून दिल्या.

चेतनाने आईला काहीच सांगितलं नव्हतं. सोनूबाई बसली नाही. ती एका कॉलमपाशी गेली, हात फिरवला आणि अंबाड्यातला आकडा काढून त्याने ओरखडा काढला. पांढुरकी भुकटी खाली पडली. दुसऱ्या कॉलमला तेच. बुडाशी नवं प्लास्टर थापलं होतं, ते तिने नखाने टोकरलं तर आत नुसती खडी, मधे पोकळ्या.

"पातळ माल ओतलाय ह्यात," ती म्हणाली. "पाणी मारलंय लई."

सर्वेश पुढे आला आणि वरवरचं आहे, नंतर सगळं होतं, असं काहीतरी बोलू लागला. चेतनाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर विटांवर होती.

सोमवारी तिने पेडणेकरांना सही करणार नसल्याचं सांगितलं. त्यांनी रिपोर्टवर दुसऱ्याकडून सही करून घेतली आणि तिला महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं. ती त्याच संध्याकाळी निघाली. निघताना त्यांनी विचारलं, बारा वर्षांत आपण तुझ्याशी कधी वाईट वागलो का? नाही, सर, ती म्हणाली, म्हणून तर तुमच्या लॅबच्या नावावर हे नको होतं.

खरी गोष्ट इथून पुढे अवघड झाली. बिल्डरशी भांडायला तिला काही वाटत नव्हतं. आपल्याच माणसांशी भांडावं लागेल हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

कॅम्पाच्या कमिटीचा सेक्रेटरी राजेश तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, एकाच गल्लीत वाढलेला. माणूस वाईट नव्हता. नऊ वर्षं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून त्यानेच हे काम सुरू करून घेतलं होतं. त्याने मीटिंग बोलावली. चेतनाने सगळ्यांना समजेल असं सांगितलं, की क्यूब वेगळ्या मालाचे आहेत, कॉलम कच्चे आहेत, आपण सभासद म्हणून अर्ज करू आणि कोअर काढायला लावू. बारीक नळकांड्यासारखा तुकडा कॉलममधून कापून काढतात, तो दाबून बघतात. त्यात फसवता येत नाही.

लोक ऐकून घेत होते तोवर कुणीतरी विचारलं, काम किती दिवस थांबेल?

"सांगता येत नाही. सहा महिने, वर्ष."

मग मात्र वाट लागली. कुणाच्या सुनेला दिवस गेलेले, कुणाचा म्हातारा दवाखान्यातून पत्र्याखाली आलेला. सगळ्यांनी उरलेले महिने बोटांवर मोजत आणले होते आणि ही बया त्यात आणखी महिने घालत होती. नोकरी गेली म्हणून राग काढतेय, असं मागून कुणीतरी बोललं. राजेशने सगळ्यांना शांत केलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "चेतना, रिपोर्ट पास आहे. सरकारी कागद आहे. तुझ्या एकटीच्या संशयासाठी मी एकशे चौदा घरं थांबवू? तुझ्या आईलाच विचार ना, तिला इथे अजून राहायचंय का."

सोनूबाई भिंतीला टेकून बसली होती. सार्वजनिक संडासाची रांग तिच्या गुडघ्यांना सगळ्यात जास्त जाचायची हे सगळ्या कॅम्पाला माहीत होतं. ती हाताचा आधार घेत उठली.

"मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या घराचा माल वाहिला," ती म्हणाली. "माल पातळ झाला की घमेल्यातनं मानेवर ओघळायचा. मुकादम म्हणायचा, चल गं, काय होतंय. मी चालायची. ती घरं माझी नव्हती, मी बोलले नाही. हे माझं हाये. ह्या कॉलमांवर मी चढायची नाही, आन् हिला गप्प बस बी म्हणायची नाही."

मीटिंग तिथेच मोडली. पाठिंबा कुणीच दिला नाही.

अर्जावर सह्या घ्यायला चेतना दारोदार फिरली. एकशे चौदा दारं. काहींनी उघडून ऐकलं आणि हात जोडले, काहींनी उघडलंच नाही. एका घरात चहा मिळाला, सही मिळाली नाही. नऊ सह्या झाल्या. त्यातल्या सहा बिगारी काम केलेल्या बायकांच्या होत्या, त्यांतल्या दोघींचे अंगठे. दुसऱ्या दिवशी कॅम्पाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून चेतनाला काढून टाकलं होतं. दाराशी आठवडाभर कुणीतरी कचरा टाकत राहिलं. ती रोज सकाळी तो उचलायची, दार सताड उघडं ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जय भीम करायची. कुणी उत्तर दिलं नाही तरी.

ज्या ऑफिसात पुनर्वसनाच्या इमारतींची कामं बघतात तिथे तिला प्रत्येक टेबलावर तोच पास झालेला रिपोर्ट दाखवला गेला. ती परत परत गेली. पाचव्या खेपेला तिची गाठ मानसी मॅडमशी पडली. त्या तिथल्या तरुण सहायक इंजिनिअर. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि सुरुवातीला त्याही तेच म्हणाल्या, रिपोर्ट पास आहे.

"मॅडम, रिपोर्ट बाजूला ठेवा," चेतना म्हणाली. "रिबाउंड हॅमर घेऊन या. कॉलमवर टेकवून मारायचा, तो किती उसळतो ते वाचायचं, तुम्हाला माहीतच आहे. पंधरा मिनिटांचं काम. चौथ्या मजल्याचे आकडे तिसऱ्यासारखे आले, तर मी तुमच्यासमोर लिहून देते की मी खोटं बोलले, आणि तुम्ही माझ्यावर जी करायची ती कारवाई करा."

मानसी मॅडमनी वही ओढून तारीख लिहिली.

त्या आल्या तेव्हा चेतनाला गेटवरच अडवलं. ती बाहेर उभी राहिली, सोनूबाई फुटपाथवर बसली, त्या नऊ जणांपैकी चौघी आल्या. पंधरा मिनिटांचं काम दोन तास चाललं. बाहेर आल्या तेव्हा मानसी मॅडम फोनवर कोअर कापणाऱ्या मशीनची व्यवस्था करत होत्या.

सहा कॉलममधून कोअर काढले गेले. ते एका कॉलेजच्या लॅबला गेले आणि निकाल आला. तीस हवे होते. कोअरला नियमात थोडी सूट असते, सरासरी साडेपंचवीस चालते. इथे सगळ्यात चांगला एकोणीस होता, सगळ्यात वाईट साडेचौदा.

चौकशीला सर्वेशला बोलावलं. बिल्डरच्या माणसाने त्याला काय बोलायचं ते शिकवून आणलं होतं. पण आदल्या संध्याकाळी तो कॅम्पात चेतनाच्या दाराशी आला होता, आत न येता. त्याने विचारलं, मॅडम, खरं बोललो तर माझं पुढे काय होईल? चेतनाने त्याला खोटा धीर दिला नाही. नोकरी जाईल, ती म्हणाली, माझी गेलीच आहे. आणि नाही बोललास तर दहा मजल्यांखालून रोज मनातल्या मनात जात राहशील.

तो बोलला. चौथ्या मजल्याच्या दिवशी काँक्रीटच्या गाड्या चार तास वाहतुकीत अडकल्या. माल आखडला, पंपातून चढेना. गाडी परत पाठवायला हवी होती. वरून फोन आला, पाणी घाला आणि ओता. क्यूब तीन दिवसांनी गोदामात बनवले गेले, नदीची वाळू आणून, आणि तारीख मागची टाकली. त्याने एकदाही शब्द फिरवला नाही, असं मानसी मॅडमनी नंतर सांगितलं.

तोवर सहाव्या मजल्यापर्यंत सांगाडा उभा होता. काम बंद झालं. चौथ्या मजल्यावर लोखंडी टेकू लागले आणि कच्चे ठरलेले अकरा कॉलम जाड करायचं ठरलं. जुन्याभोवती नव्या सळ्या बांधून बाहेरून नवं काँक्रीट चढवायचं. त्याला जॅकेटिंग म्हणतात. ह्या वेळी क्यूब मानसी मॅडमच्या समोर भरले गेले. बिल्डरला दंड झाला की समज मिळाली, ते कॅम्पाला नीटसं कधी कळलंच नाही. त्याची दुसरी इमारत भांडुपला सुरू होती, ती सुरूच राहिली.

काम चौदा महिने लांबलं. निकाल लागल्यावर तरी लोक येऊन बोलतील असं चेतनाला वाटलं होतं. थोडे आले. बाकीच्यांचा राग गेला नाही, फक्त त्याला बोलायला जागा राहिली नाही. राजेश तिला पाहिलं की रस्त्याची दुसरी बाजू धरायचा. त्या चौदा महिन्यांत त्याचे वडील पत्र्याच्या खोलीतच वारले. चेतना मातीला गेली. मागे उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परत आली. त्या दिवशी घरी आल्यावर ती पहिल्यांदा रडली. आईने तिला समजावलं नाही, जवळ बसून राहिली.

नोकरीसाठी तिने चार लॅब पालथ्या घातल्या. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न सगळीकडे यायचा. घरगुती कारण सांग, असं एका मैत्रिणीने सुचवलंही. तिने कुठेही घरगुती कारण सांगितलं नाही. रिपोर्टवर सही केली नाही म्हणून, ती सांगायची, आणि समोरचा माणूस फाइल बंद करायचा. मुलुंडला जुन्या इमारतींची तपासणी करणाऱ्या एका कन्सल्टंटकडे पाचवी मुलाखत झाली. त्यानेही तेच विचारलं, तिनेही तेच सांगितलं. तो म्हणाला, मग इथे सही तुमचीच लागेल. आता ती पडायला आलेल्या इमारतींत जिने चढते, कॉलम ठोकून ऐकते आणि कुणालाच न आवडणारे कागद लिहिते. राहणारे भांडतात. घर सोडा म्हटल्यावर कोण भांडणार नाही? ती बसून ऐकते आणि कागदातला शब्द बदलत नाही.

गेल्या वर्षी घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मंडपात एकशे चौदा कुटुंबं. चौथा मजला निघाला की माणसाचा चेहरा उतरायचा. तिथले कॉलम खराब होते हे पोराटोरांना पाठ झालेलं. सोनूबाईला सातवा निघाला, रस्त्याच्या बाजूचा, वाऱ्याचा. तिच्या मागोमाग एका नवऱ्याबायकोला चौथा निघाला आणि ती बाई तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. चेतना स्टेजवर गेली. माइक राजेशच्या हातात होता. दोन वर्षांत ते दोघं एवढ्या जवळ उभे राहिले नव्हते.

"आमची चिठ्ठी ह्यांना द्या," ती म्हणाली. "चौथा आम्हाला."

राजेशने माइक खाली घेतला. "नक्की?"

"सगळ्या इमारतीत तेवढाच मजला आहे ज्याचं काँक्रीट मला आतून माहीत आहे. तिसऱ्याचं कोण सांगेल?"

त्याने दोन्ही चिठ्ठ्यांवरची नावं खोडून नवी लिहिली आणि चौथ्याची तिच्या हातात देताना क्षणभर थांबला. मग पुढचं नाव पुकारलं.

सामान लावायला मायलेकींना दोन दिवस लागले. जॅकेटिंगमुळे कॉलम चारी बाजूंनी चार चार इंच फुगलेला, खोलीत घुसलेला. धोंडिरामांनी घेतलेलं लोखंडी कपाट कोपऱ्यात बसेना. चेतनाने तिरकं लावून पाहिलं, दार काढून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्यांनी कपाट विकून टाकायचा सल्ला दिला. सोनूबाई पलंगावर पाय लांब करून हा खटाटोप बघत होती.

"राहू दे ते पॅसेजमध्ये," ती म्हणाली. "कपाट काय, कुठं बी उभं राहील."

चेतनाने कपाट दाराबाहेर ओढलं, मोरीत जाऊन हात धुतले आणि आईला चहा टाकला.